बंद झालेली डिझेल गाडी कुणी घ्यावी?

डिचोलीच्या बाजारात माझे मोटारींच्या सुट्या भागांचे दुकान आहे. चवथ जवळ येऊ लागली की काउंटरवर एक प्रश्न हमखास येतो. घरात माणसे वाढलेली असतात, मुंबई-पुण्याची येणार असतात, पाच जणांच्या गाडीत सगळी मावत नाहीत. मग म्हापशाच्या एखाद्या यार्डात किंवा कुणाच्या ओळखीने सात सीटची जुनी डिझेल गाडी पाहून ठेवलेली असते, आणि इसार देण्याआधी माणूस विचारायला येतो, "शेट, ही गाडी कंपनीने बंद केली म्हणतात. घेऊ की नको?"

यंदा हेच माझ्या भाचीने विचारले. ती कोरगावला असते. सकाळी दोघे नवरा-बायको एकाच गाडीने निघतात. ती बांबोळीला गोमेकॉत उतरते, जावई तसाच पुढे वेर्ण्याच्या कारखान्यात जातो, संध्याकाळी उलटा प्रवास. घरी सासू-सासरे आणि दोन मुले. तिच्या मनात मारुतीची डिझेल एर्टिगा भरली होती. मी तिला घे म्हणून सांगितले. त्याच सुमारास साखळीच्या एका निवृत्त मास्तरांनी त्याच गाडीबद्दल विचारले, त्यांना मी नको म्हणून सांगितले. मास्तरांना थोडे वाईट वाटले. पण गाडी एकच असली तरी उत्तर एकच असत नाही, आणि का असत नाही हे नीट मांडायला हवे, कारण 'डिझेल संपले', 'बंद झालेल्या गाडीला हात लावू नका' अशी सरसकट वाक्ये ऐकून पेडणे-डिचोलीतली कितीतरी कुटुंबे झेपत नसलेला हप्ता डोक्यावर घेतात. आणि याच्या उलट, स्वस्तात मिळते म्हणून डोळे झाकून भलतीच गाडी दारात आणणारेही आहेत.

आधी ही गाडी बंद का झाली ते पाहू. २०१९ च्या एप्रिलमध्ये मारुतीचे अध्यक्ष आर. सी. भार्गव यांनी जाहीर केले की पुढच्या एप्रिलपासून कंपनी डिझेल गाड्या विकणार नाही. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ लागू व्हायचे होते. लहान डिझेल इंजिनाला ते नियम पाळायला लावायचे तर धूर गाळणारी महाग यंत्रणा बसवावी लागते, त्याने गाडीची किंमत वाढते आणि मग गिऱ्हाईक पेट्रोलकडेच वळते, असा तो हिशेब होता. शिवाय डिझेलचा पूर्वीचा भाव राहिला नव्हता. २०१२ च्या सुमारास देशात बऱ्याच ठिकाणी पेट्रोल आणि डिझेल यांत पंचवीस-तीस रुपयांचे अंतर होते. गोव्यात पर्रीकर सरकारने त्याच वर्षी पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढून टाकला, तरीही डिझेल बरेच स्वस्त पडत होते. २०१४ च्या ऑक्टोबरात केंद्राने डिझेलचे दर नियंत्रणमुक्त केले आणि हे अंतर आटत गेले. म्हणजे गाडीत खोट निघाली, इंजिन फसले, लोकांनी नाकारली म्हणून ती बंद झालेली नाही. नियम बदलले आणि कंपनीचा हिशेब बसेना, एवढेच. जुनी गाडी घेणाऱ्याने हा फरक पहिल्यांदा ध्यानात घ्यावा.

दुसरी गोष्ट माझ्या धंद्यातली आहे, आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची. गाडी बंद होणे, कंपनी देश सोडून जाणे आणि इंजिन बंद होणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. घेणारा पहिलीला घाबरतो. घाबरायला हवे ते दुसरीला आणि तिसरीला.

माझ्या दुकानात मागच्या भिंतीला एक लोखंडी रॅक आहे. त्याचे मधले दोन कप्पे एकाच इंजिनाच्या सामानाने भरलेले आहेत : ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, ग्लो प्लग, वॉटर पंप, टायमिंग चेनचा किट, इंजिन माउंटिंग. हे इंजिन म्हणजे फियाटचे १.३ लिटर मल्टिजेट, १२४८ सीसीचे. मारुतीने त्याला डीडीआयएस म्हटले, टाटांनी क्वाड्राजेट म्हटले. पुण्याजवळ रांजणगावला फियाटच्या कारखान्यात ते बनायचे आणि परवान्यावर मारुतीसाठी मानेसरला बनायचे. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, एर्टिगा, सियाझ, ब्रेझा, टाटांची इंडिका व्हिस्टा, मांझा, झेस्ट, फियाटची पुंटो आणि लिनिया या सगळ्यांत तेच. मोटारवाले त्याला देशाचे इंजिन म्हणायचे ते उगाच नव्हे. २०२० ला ते बनायचे थांबले, पण रस्त्यावर त्याच्या इतक्या गाड्या आहेत की सामान बनवणाऱ्यांना अजून बरीच वर्षे ते बनवणे परवडेल. सामान कंपनीच्या दयेने मिळत नाही, खपाने मिळते. टोयोटाची क्वालिस आठवा. २००० साली आली, २००५ मध्ये इनोव्हासाठी बंद केली. त्यानंतर कितीतरी वर्षे कळंगुटच्या आणि हरमलच्या टॅक्सीवाल्यांनी ती चालवली, आणि माझ्याकडून तिचे सामान नेले.

आता दुसरी बाजू. पिळगावचे एक गृहस्थ मध्यंतरी फुटलेला मागचा दिवा पिशवीत घालून दुकानात आले. गाडी सात सीटची, डिझेल, आत-बाहेरून चकाचक, मीटर खरा. कंपनी मात्र भारतातला धंदा गुंडाळून गेलेली. इंजिनाचे जे मागाल ते मी काढून दिले असते, कारण इंजिन याच मल्टिजेटच्या गोतावळ्यातले होते. पण दिवा, बंपर, दाराचे कुलूप, काचेची मोटर, पुढचा लोअर आर्म ही सगळी त्या एकाच गाडीची. बेळगावला विचारले, कोल्हापूरला विचारले. शेवटी कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून दुसऱ्या गाडीचा उतरवलेला दिवा आला, तोही रंग उडालेला. तोवर त्यांनी मागे लाल चिकटपट्टी लावून गाडी चालवली. एका दिव्यासाठी हे, तर मोठा अपघात झाला तर काय? विमा कंपनी पैसे मंजूर करील, पण मुडगार्ड आणायचा कुठून? जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतातली शेवरोलेची विक्री थांबवली. फोर्डने २०२१ च्या सप्टेंबरात इथले उत्पादन बंद करत असल्याचे सांगितले. गेलेल्या कंपन्यांच्या गाड्या चालवायला वाईट होत्या असे मुळीच नाही, काही तर फार चांगल्या होत्या. शहरात राहणाऱ्या आणि गाडीच्या मागे लागायला वेळ असणाऱ्या शौकिनाने त्या जरूर घ्याव्यात. घरात एकच गाडी असणाऱ्या, सकाळी सातला कामावर निघणाऱ्या कुटुंबाने मात्र त्यांच्या वाटेला जाऊ नये.

एर्टिगातही सगळ्या सारख्या नाहीत. पहिली एर्टिगा २०१२ च्या एप्रिलमध्ये आली. नवीन, मोठ्या अंगाची एर्टिगा आली २०१८ च्या नोव्हेंबरात, आणि सुरुवातीला तिच्यात तेच १.३ चे इंजिन होते. मग २०१९ च्या मे महिन्यात मारुतीने स्वतः बनवलेले १.५ लिटरचे डिझेल इंजिन त्यात घातले. ९५ हॉर्सपॉवरचे, ओढीला सरस, चोर्ला घाटात भरल्या गाडीने चढताना जाणवण्याइतके सरस. चालवून पाहिले तर कुणीही तेच घेईल. पण ते इंजिन जेमतेम वर्षभर बनले आणि फक्त सियाझ व एर्टिगात बसले. दहा वर्षांनी त्याचे सामान कोण बनवणार? म्हणून माझा सल्ला विचाराल तर १.५ च्या जास्तीच्या ताकदीवर भाळू नका. २०१८ च्या अखेरीपासून २०१९ च्या मध्यापर्यंतची, नवीन अंगाची आणि जुन्या १.३ इंजिनाची एर्टिगा शोधा. तिचे बहुतेक पत्र्याचे आणि काचेचे सामान आजच्या पेट्रोल एर्टिगाशी जुळते, आणि इंजिनाचे सामान डिझायरवाल्यांच्या जिवावर मिळत राहते. अशा गाड्या कमी निघतात, मिळायला वेळ लागतो. थांबावे. पहिल्या अंगाची, २०१६-१७ ची नीट ठेवलेली गाडी मिळाली तर तीही चालेल. २०१२-१३ ची मात्र कितीही स्वस्त असली तरी मी सुचवत नाही, कारण पंधरा वर्षांचे रजिस्ट्रेशन संपायला आलेले असते. त्यानंतर फिटनेस, फेरनोंदणी, पाच हजारांची फी हे सगळे घेणाऱ्याच्या गळ्यात पडते. वीस वर्षे ओलांडलेल्या गाडीची फी २०२५ मध्ये दहा हजारांवर गेली आहे.

आता भाचीला हो आणि मास्तरांना नको का, ते सांगतो. कोरगाव ते वेर्णे जाऊन-येऊन शंभराच्या वर किलोमीटर होतात. महिन्याचे चोवीसशे धरा. सध्या गोव्यात पेट्रोल आणि डिझेल यांत आठेक रुपयांचा फरक आहे, पेट्रोल शंभरीच्या थोडे खाली आणि डिझेल नव्वदीच्या आत. एसी लावून, माणसे भरून डिझेल एर्टिगा लिटरला अठराच्या आसपास देते, पेट्रोलची चौदाच्या आसपास. कंपनीचे आकडे २५.४७ आणि १९.३४ असे होते, पण ते आकडे कागदावरचे, म्हापशाच्या सिग्नलवरचे नव्हेत. या हिशेबाने किलोमीटरमागे दोन रुपयांच्या आसपास वाचतात, म्हणजे महिन्याला साडेचार-पाच हजार. वर्षाला पन्नास हजारांच्या वर. त्यातून दरवर्षीची सर्व्हिस निघून वर दोन-तीन वर्षांत एखादे मोठे काम आले तरी ते भागते. मास्तरांचे चालणे साखळीच्या बाजारापर्यंत, महिन्यातून एकदा पणजी, जत्रेला नार्व्याला किंवा शिरगावला. महिन्याला चारशे किलोमीटर झाले तर पुष्कळ. त्यांचे वाचणार आठशे रुपये. आणि जुन्या डिझेलचे इंजेक्टर, टर्बो आणि क्लच हे तिन्ही एकदम निघाले तर खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. शिवाय डिझेल इंजिनाला तापून, मोकळे धावून काजळी झटकावी लागते. दोन किलोमीटर जायचे आणि गार करायचे, असे रोज केले तर थोडा धूर परत इंजिनात फिरवणारा ईजीआर काजळीने भरतो आणि पिकअप मरतो. बीएस-६ च्या डिझेलमध्ये तर त्याच्या जोडीला काजळी गाळणारा फिल्टर असतो, तो अशा चालण्याने तुंबतो आणि त्याचा खर्च जीव काढतो. मास्तरांना मी म्हटले, तुम्ही थोडी वापरलेली छोटी पेट्रोल गाडी घ्या, चवथीला आणि लग्नाला मोठी गाडी भाड्याने करा. त्यांचे गणित त्यातच सुटते.

पेट्रोलबद्दल एक सांगायला हवे. २०२३ च्या एप्रिलपूर्वी बनलेल्या बहुतेक पेट्रोल गाड्यांचे रबरी पाइप आणि सील वीस टक्के इथेनॉल डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले नव्हते, आणि आता पंपावर तेच पेट्रोल मिळते. ही काळजी घेऊन येणारे पेट्रोलवाले वाढले आहेत. जुन्या डिझेलला ही भानगड नाही.

आणि आपल्या भागाला डिझेलची एक सोय अशी आहे जी मुंबई-पुण्याच्या माणसाला नसते. ती खाणींनी दिली. डिचोली, साखळी, मये, सुर्ला, वेळगे इथे घरटी ट्रक होता असा काळ आम्ही पाहिला. मातीने माखलेले टिप्पर रात्री रांगेने उभे असायचे आणि त्यांच्याखाली झोपून पोरे काम शिकायची. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या, मधे थोड्या सुरू झाल्या, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०१८ च्या मार्चपासून पुन्हा बंद पडल्या. दारातले ट्रक गंजले, हप्ते थकले, आणि ती डिझेलवर हात बसलेली पोरे मोटारींच्या कामाला लागली. २०२४ मध्ये डिचोलीचा खाणपट्टा सुरू झाला तरी त्यातले पुष्कळ जण गॅरेजमध्येच राहिले आहेत. आज डिझेल पंपाचा आवाज ऐकून कोणता इंजेक्टर गळतो हे बोट ठेवून सांगणारे फिटर इथे आहेत. पेडणे तालुक्यातले लोकही त्यांच्याकडे गाडी घेऊन येतात. जिथे गाडीचे दुखणे ओळखणारा माणूस घरापासून पंधरा-वीस किलोमीटरवर आहे, तिथे जुनी डिझेल घेणे धाडस ठरत नाही.

मग धुराचे काय, असे विचारणारे आहेत, आणि त्यांचे विचारणे बरोबर आहे. बीएस-४ डिझेल गाडी बीएस-६ पेक्षा जास्त काजळी आणि जास्त नायट्रोजन ऑक्साइड सोडते, यात वाद नाही. लाल धुळीत मुले वाढवलेल्या डिचोलीकराने हवेची फिकीर नको म्हणणे शोभणार नाही. ज्याला झेपते त्याने इलेक्ट्रिक घ्यावी. रोज शंभर किलोमीटर चालणाऱ्याला ती चालवायला सगळ्यात स्वस्त पडेल हेही खरे. पण सात माणसांची इलेक्ट्रिक गाडी नवी घ्यायची तर किंमत वेगळ्याच पायरीवर जाते, आणि पावसाळ्यात वीज जाणे पेडण्याला नवे नाही. कोरगावहून सकाळी निघून दोन बस बदलून वेर्ण्याला वेळेवर पोहोचवणारी कदंब मिळाली तर भाचीचा नवरा गाडी घेणारच नाही, असे तो स्वतः म्हणतो. ती मिळेपर्यंत आधीच बनलेली, रस्त्यावर असलेली गाडी नीट ठेवून चालवणे मला चुकीचे वाटत नाही. नीट ठेवून, हे महत्त्वाचे. काही गॅरेजवाले ईजीआरला पत्रा मारून बंद करतात, कुणी काँप्युटर जोडून इंजिनाची सेटिंग बदलून ताकद वाढवून देतात. त्याने धूर आणि विषारी वायू वाढतात, आणि पोरे शाळेच्या फाटकाशी तेच हुंगतात. असे काम केलेली गाडी घेऊ नये, आणि घेतलेल्या गाडीला असे काम करू देऊ नये. माझ्या दुकानातून त्या कामाचे सामान मी देत नाही.

गाडी पाहायला जाल तेव्हा सकाळी जा, आणि मालकाला आधीच सांगा की मी येईपर्यंत स्टार्टर मारू नका. गरम इंजिन आपले दुखणे लपवते. बॉनेटवर हात ठेवून पाहा, ऊब लागली तर परत या. गार इंजिन पहिल्या-दुसऱ्या फेरीत पेटले पाहिजे. पेटल्यावर पहिले काही क्षण समोरून साखळी घासल्यासारखा खडखड आवाज आला तर टायमिंग चेन सैल झाली आहे. बहुतेक वेळा ऑइल वेळेवर न बदलल्याचा तो पुरावा असतो. मग इंजिन चालू असताना ऑइल भरायचे झाकण काढा. थोडी वाफ येईल, ती चालते. पण भसाभस धूर येऊन झाकण उडू पाहत असेल तर त्याला आमच्यात बॅक कॉम्प्रेशन म्हणतात, आणि तिथेच व्यवहार संपवावा. त्यानंतर एअर फिल्टरचा डबा उघडून पाहा. फिल्टर नवा घालून ठेवलेला असतो, म्हणून त्याच्याकडे पाहू नका, त्याच्या पलीकडे, टर्बोकडे जाणाऱ्या पाइपात बोट फिरवा. बोटाला तांबडी धूळ लागली तर गाडी खाणीच्या रस्त्यावर फाटक्या फिल्टरने चाललेली आहे आणि ती धूळ टर्बोने खाल्लेली आहे. मोरजी, हरमल, केरीकडची गाडी असेल तर खाली वाकून सायलेन्सरचे सांधे, मागचा ॲक्सल आणि दाराच्या तळाच्या कडा पाहा. समुद्राचा वारा रंगाखालून पत्रा खातो.

पुराचे तर विसरूच नये. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिळारीचे पाणी आले तेव्हा साळ, इब्रामपूर, हणखणे, चांदेल इथे घरात पाणी शिरले होते. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच झाले. त्याच २०१९ ला कोल्हापूर-सांगली बुडाली होती, २०२१ ला चिपळूण बुडाले. बुडालेल्या गाड्या धुऊन, सुकवून, अत्तर मारून विकल्या जातात आणि त्या आपल्याच बाजूला येतात. सीटच्या खालचे रूळ, सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढल्यावर दिसणारे टोक, डिक्कीतल्या स्टेपनीची खळगी, ही तीन ठिकाणे धुणाऱ्याच्या हातून सुटतात. तिथे वाळलेला गाळ किंवा गंज दिसला तर इंजिन कितीही गोड वाजत असो, घेऊ नका. वायरिंगमध्ये शिरलेले पाणी दुसऱ्या पावसाळ्यात तोंड दाखवते.

मीटरवर विसंबू नका. डिझेल गाडी माणूस चालवण्यासाठीच घेतो, तेव्हा सात वर्षांत चाळीस हजार किलोमीटर सांगणारी गाडी मला संशयित वाटते. लाख-सव्वालाख चाललेली, पण सर्व्हिसची नोंद सलग असलेली गाडी तिच्यापेक्षा बरी. ब्रेकच्या पॅडलचे रबर झिजून गुळगुळीत झाले असेल आणि मीटर चाळीस हजार दाखवत असेल तर खोटे कोण बोलतो ते कळते. गोव्यात आणखी एक पाहावे लागते : गाडी पूर्वी रेंट-अ-कॅब किंवा टॅक्सी होती का? काळ्या पाटीवरची पिवळी अक्षरे जाऊन पांढरी पाटी आली की नव्या माणसाला पत्ता लागत नाही. जुन्या विमा पॉलिसी मागून घ्या, त्यात गाडी भाड्याची होती की खासगी ते छापलेले असते. भाड्याने फिरवलेल्या गाडीचा क्लच आणि सस्पेन्शन शेकडो वेगवेगळ्या पायांनी झिजवलेले असते.

कागदांचे थोडक्यात. गाडी गोव्यातली, जीए-०३, ०४ किंवा ११ ची असेल तर काम सोपे आहे. फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या, बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि त्यांचे पत्र, आणि विकणाऱ्याने चौदा दिवसांच्या आत कळवायचे. विमाही त्याच मुदतीत नावावर करायचा, नो क्लेम बोनस जुन्या मालकाकडेच राहतो. बांदा, सावंतवाडी, दोडामार्गची एमएच-०७ गाडी घेतली तर तिथल्या आरटीओची एनओसी लागते आणि इथला रस्ता कर नव्याने भरावा लागतो. तो विचारून घेऊन मगच किंमत बोलावी. दिल्लीकडून आलेल्या डिझेल गाड्यांपासून मात्र चार हात लांब राहा. तिथे दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांवर बंदीचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केला, २०२५ मध्ये तो प्रश्न पुन्हा न्यायालयात आला. ती बंदी दिल्ली परिसरापुरती आहे, गोव्यात तसा नियम नाही. पण तिथून घाईने बाहेर काढलेल्या गाड्या स्वस्त दिसतात आणि त्यांचा मागचा इतिहास इथे बसून तपासता येत नाही.

किंमत ठरवताना एक लक्षात ठेवा. २०२५ च्या सप्टेंबरात जीएसटी उतरला आणि नव्या गाड्या स्वस्त झाल्या. जुन्या गाडीचा भावही त्याच मानाने खाली यायला हवा, आणि विकणारा ते आपणहून सांगणार नाही. भाचीला मी म्हटले आहे की ठरेल त्या किमतीतले साठ-सत्तर हजार बाजूला ठेव, घेतल्या घेतल्या सगळी तेले, फिल्टर, ब्रेक, टायर आणि गरज पडली तर क्लच करून घे. मगच तिला वेर्ण्याच्या रस्त्यावर घाल.

एक गोष्ट सरकारच्या हातात आहे आणि ती व्हायला हवी. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ च्या जुलैत दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि वर्षअखेर एक पोर्टलही सुरू केले, त्यात मोटारींचाही समावेश आहे. हे पाऊल चांगले आहे, पण पुरेसे नाही. मॉडेल बंद करताना त्याचे सामान किती वर्षे मिळेल, हे कंपनीने तारखेसह जाहीर करणे आणि ते आरसीवर किंवा मालकाच्या पुस्तिकेत छापणे कायद्याने बंधनकारक करावे. देश सोडून जाणाऱ्या कंपनीकडून त्याची ठेव आधी भरून घ्यावी. माणूस घर सोडले तर आयुष्यातली सगळ्यात मोठी रक्कम गाडीत घालतो. पिळगावच्या त्या गृहस्थांना दिव्यासाठी कुर्ल्यापर्यंत शोध घ्यावा लागला. तो दिवा आणखी किती वर्षे मिळेल एवढी एक ओळ त्यांच्या कागदपत्रांत असती, तर त्यांनी ती गाडी घेतली नसती, किंवा घेतानाच दोन दिवे घेऊन ठेवले असते.